आधी मास्तर, मग समुद्र

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की स्कूबा शिकायला कुठे जावं, याचं उत्तर बहुतेक जण नकाशात शोधतात. मालवण जवळ पडतं, गोव्याला एरवीही जायचंच असतं, मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचं पाणी त्याहून बरं, आणि खिसा परवानगी देत असेल तर अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. पाणी किती नितळ, मासे किती, प्रवाळ दिसतं का, यावर घरात चर्चा झडते. फक्त बघून यायचं असेल तर असंच ठरवावं, त्यात काही चूक नाही. शिकायचं असेल तर मात्र हा क्रम उलटा आहे. आधी शिकवणारा पाहावा, तो किती दिवस आणि किती जणांना एकत्र शिकवतो ते पाहावं, समुद्र कुठला हे शेवटी ठरवावं. पहिले धडे तर समुद्रात नसले तरी चालतात, आणि माझ्या मते नसलेलेच बरे.

घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात म्हणून. मालवणच्या किनाऱ्यावर ‘स्कूबा’ म्हणून जे मिळतं, ती अनुभवाची डुबकी असते. होडीतच चार सूचना, मग पाठीवर टाकी, आणि पाण्याखाली गाइड मागून टाकी धरून आपल्याला फिरवतो. हवा किती उरली, किती खोल गेलो, वर कधी यायचं, हे सगळं तोच बघतो. आपण बघायचं ते माशांकडे आणि कॅमेऱ्याकडे. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ ही जाहिरात या डुबकीपुरती खरी आहे. ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा पहिल्या पायरीचा कोर्स वेगळाच. त्यात थिअरी असते, तलावातला सराव असतो, समुद्रातल्या किमान चार डुबक्या असतात. पाडीसारख्या स्कूबा-प्रशिक्षण संस्थेच्या नियमांत 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं सक्तीचं आहे. हा कोर्स पूर्ण केलेला माणूस जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरू शकतो. अर्ध्या तासाच्या डुबकीचं रंगीत प्रमाणपत्र हातात पडलं म्हणून यातलं काहीच आलेलं नसतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं: नवख्यांना वीस-पंचवीस फुटांवरच तर नेतात, त्यात धोका कसला? गंमत अशी की, श्वासाच्या बाबतीत खरा धोका याच उथळ पट्ट्यात आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब एक पट धरला तर दहा मीटरवर तो दोन पट होतो आणि वीस मीटरवर तीन पट. म्हणजे वीसवरून दहावर येताना छातीत कोंडलेली हवा दीडपट फुगते, पण दहावरून वर येताना ती दुप्पट होते. घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो आणि वर झेपावतो. फुप्फुसाला इजा व्हायला एवढं पुरतं, त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम होडीत सांगून कळतो. अंगी मुरायला मात्र सराव लागतो.

तो सराव कसला, हे मास्कच्या एका उदाहरणावरून दिसेल. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वर यायचं नसतं. चौकटीचा वरचा काठ कपाळाशी दाबायचा, नजर थोडी वर न्यायची आणि नाकाने हळूहळू हवा सोडायची. हवा पाण्याला खालून बाहेर ढकलते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. प्रत्यक्षात नाकाशी पाणी लागलं की तोंडाने चाललेला श्वासही अडखळतो आणि हात आपसूक मास्क काढायला धावतात. गळ्याएवढ्या पाण्यात हे घडलं तर माणूस उभा राहतो, खोकतो, हसतो आणि पुन्हा बसतो. पाचव्या-सहाव्या खेपेला भीती मोडते. टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर निसटला तर तो शोधून परत लावणं, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणं, हेही तसंच. लाटांवर हलणाऱ्या होडीखाली, बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत असताना, पाचवी खेप मागायची सोय नसते.

तलाव म्हणजे समुद्र नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. खारं पाणी, प्रवाह, गढूळपणा, बोट लागणं हे तलावात कुठून येणार? म्हणून तर समुद्रातल्या चार डुबक्या टाळता येत नाहीत. मात्र दोन्ही एकाच गावात, एकाच आठवड्यात उरकायला हवं असं कुठेच लिहिलेलं नाही. थिअरी आणि तलावातला भाग पुण्या-मुंबईत पुरा करून समुद्राच्या डुबक्या दुसऱ्या केंद्रात मारण्याची ‘रेफरल’ची सोय मोठ्या संस्थांमध्ये आहे. शनिवार-रविवार धरून सावकाश शिकावं आणि अंदमानचे महागडे दिवस मास्कमधलं पाणी काढण्यात घालवू नयेत. नितळ पाण्याचा खरा उपयोगही समुद्रातल्या या डुबक्यांच्या वेळी होतो, कारण तिथे शिकवणाऱ्याचा हात आणि खुणा लांबून दिसतात.

मग मालवणच्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा का? मुळीच नाही. अनुभवाची डुबकी हा तिथला मोठा रोजगार आहे आणि तो राहावा. शिवाय राज्याच्या पर्यटन महामंडळाने, म्हणजे एमटीडीसीने, जवळच्या तारकर्लीत स्कूबाच्या प्रशिक्षणासाठी संस्था उभारून खोल तलावही बांधला. म्हणजे शिकायला सिंधुदुर्ग सोडावाच लागतो असं नाही. अडचण आपल्या मागणीची आहे. गिऱ्हाईक ‘किती वेळात होतं’ आणि ‘व्हिडिओ फ्री आहे ना’ एवढंच विचारत असेल, तर चार दिवसांचा कोर्स कोण मांडून बसेल? तो महाग पडतो हे खरं, पण त्यातले बरेचसे पैसे मोजके विद्यार्थी आणि जास्त तास यांचे असतात. पाडीच्या नियमानुसार समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात. ही कमाल मर्यादा आहे. नवख्याने चारच्या वर असतील तर दुसरं केंद्र पाहावं.

केंद्राची पारख फोनवरही बरीचशी होते. प्रकृतीच्या प्रश्नावलीत दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं यांपैकी कशावरही ‘हो’ लिहिलंत तर जो डॉक्टरची सही मागतो, प्रसंगी पैसे परत करून तुम्हाला घरी पाठवतो, तो भरवशाचा. ‘काही होत नाही, सही करा’ म्हणणारा नव्हे. मला चार दिवसांत नाही जमलं तर पाचवा दिवस मिळेल का, हेही विचारावं. आणि विमानाचं तिकीट हे सगळं ठरल्यावरच काढावं: लागोपाठच्या डुबक्यांनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नसतं, त्यामुळे अंदमानच्या तीन रात्री-चार दिवसांच्या पॅकेजमध्ये हा कोर्स बसतच नाही.