‘प्रेक्षणीय’ कशास म्हणावें?

सुट्या संपल्या कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक नवा विधि सुरू होतो. पाहून आलेल्या देशाचीं छायाचित्रें आल्यागेल्यास दाखविण्याचा हा विधि यंदा नागपुरांतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्हांसहि घडला. मंडळी स्कॉटलंडास जाऊन आली होती. एडिंबरोचा किल्ला, लॉख नेसचें सरोवर, उत्तरेकडील दऱ्याखोरीं आणि पार पश्चिमेच्या बेटावरील कॅलॅनिशचीं उभीं शिलावर्तुळें, असा सारा देश मंडळींनीं नऊ दिवसांत उरकला होता. प्रत्येक चित्रांत मंडळी पुढें होती आणि देश मागें होता.

शिलावर्तुळाचें चित्र आलें तेव्हां आम्हीं सहज विचारलें, ‘‘हे दगड कोणीं उभे केले?’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘वाटाड्यानें सांगितलें खरें, पण बस निघायची घाई होती.’’ आम्ही म्हणालों, ‘‘दगडांचीं वर्तुळें आपल्या येथेंहि आहेत. काटोल रस्त्यानें निघालांत तर अर्ध्या-पाऊण तासांत जुनापाणीस पोहोंचाल.’’ त्यावर गृहिणीबाई हंसून म्हणाल्या, ‘‘इश्श, भाऊजी, जुनापाणीस पाहण्यासारखें काय आहे?’’

त्यांचा प्रश्न निष्कपट होता, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक बोंचला. एका घरचें हें वैगुण्य असतें तर त्यासाठीं लेखणी झिजविण्याचें कारण नव्हतें. परंतु हा प्रश्न आज आमच्या साऱ्या वर्गाचा झाला आहे. इतकेंच नव्हे, तर तो प्रश्न न राहतां निकाल होऊन बसला आहे. जवळचें आहे, तेव्हां तें पाहण्यासारखें नाहीं. पैसे भरावे लागत नाहींत, तेव्हां तें पाहण्यासारखें नाहीं. कोणी पाहून आलें नाहीं, तेव्हां तें पाहण्यासारखें नाहीं! या निकालाविरुद्ध आमची तक्रार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. देशाटनास आमचा विरोध नाहीं. घरकोंबडेपणाचे गोडवे गाण्याइतके आम्ही अजून म्हातारे झालों नाहीं. वरसईचे गोडसे भटजी कर्ज फेडण्यासाठीं १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांनीं तें सारें डोळे उघडे ठेवून पाहिलें. पुढें १८८३ सालीं लिहून काढलें. आणि १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ छापून निघाला तेव्हां महाराष्ट्रास एक अमोल ग्रंथ मिळाला. परततांना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती. आमच्या हल्लींच्या प्रवाशास आम्ही पायीं चालावयास सांगत नाहीं, कीं कावड आणावयास सांगत नाहीं. तो काय घेऊन आला, एवढेंच विचारतों; आणि उत्तरादाखल तो मोबाइल पुढें करतो.

आतां जुनापाणीपेक्षांहि निरुपयोगी वाटणारें एक ठिकाण घेऊं. नागपुराच्या उत्तरेस सावनेर तालुक्यांत कोलार नदीच्या कांठीं खापरखेडा नांवाचें गांव आहे. नागपूरकरांस तें दुरून दिसणाऱ्या धुराड्यांवरून ठाऊक असतें. शेजारच्या कोराडीस मात्र ते देवीच्या दर्शनास जातात. खापरखेड्यास कामावांचून कोणी जात नाहीं. आम्ही गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं मुद्दाम गेलों. कोलारच्या कांठीं दोन तास बसलों, चहाच्या टपरीवर खाणींतून निवृत्त झालेल्या मंडळींशीं बोललों, आणि परत आलों तों आपण पन्नास वर्षें आंधळे होतों अशी आमची खात्री झाली होती.

तेथें आहे तरी काय? पहिली गोष्ट, तेथें आमच्या घरांतला उजेड जन्मास येतो. खापरखेड्याच्या वीजघरांत २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच असून त्यांची एकंदर शक्ति १३४० मेगावॅट आहे. कोळसा पिठासारखा दळावयाचा, भट्टींत फुंकावयाचा, त्या आंचेवर पाण्याची वाफ करावयाची, आणि त्या वाफेनें मिनिटास तीन हजार फेरे घेणारें चक्र फिरवावयाचें, असा हा उद्योग अहोरात्र चालतो. थंडाव्याच्या मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट हा धूर नसून पाण्याची वाफ असते, हें पदवीधरांपैकींहि फार थोड्यांस ठाऊक आहे. धुराड्यांतून निघतें तें पुष्कळदां डोळ्यांस दिसतहि नाहीं. दिव्याखालीं अंधार ही म्हण आम्हीं लहानपणीं पाठ केली. तिचा अर्थ खापरखेड्यास कळला.

दुसरी गोष्ट तर स्कॉटलंडाहून आलेल्या आमच्या स्नेह्यांनीं अवश्य ऐकावी. खापरखेड्यास लागूनच सिल्लेवाडा आहे. खाणीचें गांव यापलीकडे त्याची ओळख कोणास नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांस हें नांव ठाऊक होतें. स्कॉटलंडांतील डन्स या लहानशा गांवीं १८१७ सालीं जन्मलेला स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं धर्मोपदेशक म्हणून नागपुरास आला. त्याच्या धर्मकार्याची चर्चा येथें प्रस्तुत नाहीं. त्याच्या डोळ्यांची आहे. कामठी, सिल्लेवाडा या बाजूच्या वालुकाश्मांत त्यानें पानांचे ठसे हुडकून काढले. ज्या काळीं माणूस तर राहोच, पण पक्षीहि पृथ्वीवर नव्हता, अशा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे ते ठसे होते. त्याच प्राचीन युगांतील दलदलींच्या अरण्यांचा पुढें कोळसा झाला. म्हणजे आमच्या दिवाणखान्यांतील दिव्यांत जळतें तें तेव्हांचें ऊन आहे! आणि त्याच्या समकालीन पानांच्या सह्या सिल्लेवाड्याच्या दगडावर उमटलेल्या होत्या.

हिस्लॉप एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें गोंडांचीं गाणीं गोळा केलीं, त्यांची भाषा टिपली. तें साहित्य त्याच्या मागें १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं प्रसिद्ध केलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून घोड्यावरून परततांना ओढ्याला आलेल्या पुरांत तो बुडून मेला. वयाचीं सेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उणे होते. त्याच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत १८८३ पासून आहे. आमच्या कित्येक पिढ्या त्यांत शिकून बाहेर पडल्या. परंतु तो गृहस्थ काय पाहावयास गेला असतां मेला, हें त्यांतील किती जणांनीं विचारलें? स्कॉटलंडचा माणूस आमचे दगड पाहतां पाहतां प्राणास मुकला, आणि आम्ही स्कॉटलंडचे दगड पाहावयास जाऊन त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्र काढतों! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, हें वर्णनहि येथें सौम्य पडतें. कारण वळसा घालणारा निदान कळसा शोधीत असतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सुटी ही विश्रांतीसाठीं असते, अभ्यासासाठीं नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण पहांटे पांचला उठून, सामान बांधून, दिवसाकाठीं तीन गांवें पालथीं घालणाऱ्यानें तो करावा हें नवल होय. विश्रांतीच हवी असेल तर तिच्याकरितां समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, परदेश पाहिल्यानें दृष्टि विशाल होते. होते खरी, पण पाहिल्यास. स्कॉटलंडांतच काय पाहण्यासारखें आहे, तें पाहा. एडिंबरोजवळ न्यूटनग्रेंज येथें लेडी व्हिक्टोरिया नांवाची कोळशाची खाण होती. ती १९८१ सालीं बंद पडली. तिचें त्यांनीं संग्रहालय केलें. पाळण्याचें यंत्र, कामगारांच्या वस्तु, त्यांच्या कष्टांच्या हकीकती सारें जपून ठेविलें, आणि तें प्रवाशास दाखवितात. न्यू लॅनार्क येथील कापसाच्या गिरण्यांचें गांव २००१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. पूर्वेच्या किनाऱ्यावर सिकर पॉइंट नांवाचा एक ओबडधोबड खडक आहे. १७८८ सालीं जेम्स हटन होडीनें तेथें गेला, आणि खडकाचे आडवे थर उभ्या थरांवर बसलेले पाहून पृथ्वीचें वय कल्पनेपलीकडचें आहे, हें त्याच्या सोबत्यांसहि पटलें. तो खडक पाहावयास आजहि दूरदूरचे अभ्यासक जातात. तात्पर्य, त्या देशानें आपली खाण, आपली गिरणी आणि आपला खडकहि प्रेक्षणीय ठरविला आहे. स्कॉटलंडास जाऊन शिकण्याजोगा धडा हाच होता; तेवढाच आमचे प्रवासी तेथें विसरून आले.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: खापरखेड्यांत सौंदर्य नाहीं. तेथील हवेंत राख आहे, रस्त्यावर कोळशाची धूळ आहे, ट्रकांची रीघ आहे. अशा ठिकाणीं बायकामुलांस घेऊन कोण जाईल? आमचें उत्तर असें कीं, जें केवळ सुंदर तेंच पाहावयाचें, हा नियम आम्हांस मान्य नाहीं. ज्याचे आपण देणेकरी आहों, तेंहि पाहिलें पाहिजे. आपल्याकडील कोळशांत शेंकडा तीस-चाळीस भाग राख असते. वीज तारेंतून पुण्या-मुंबईस जाते. राख येथेंच राहते. २०२२ च्या जुलैंत शेजारच्या कोराडी वीजघराच्या खसाळा येथील राख-तळ्याचा बांध फुटला आणि तो चिखल शेतांतून व नाल्यांतून वाहत गेला. नागपूरकरांच्या नळास ज्या कन्हानेचें पाणी येतें, त्याच नदीस कोलार मिळते. म्हणजे खापरखेड्याकडे आम्ही पाहिलें नाहीं, तरी खापरखेडा आमच्या पेल्यांत डोकावल्यावांचून राहत नाहीं. दोष दुसऱ्यावर ढकलण्यास आम्ही खापर फोडणें म्हणतों. आमच्या सुखाचें खापर तर एका गांवाच्या माथीं नित्य फुटत आहे, आणि तें गांव पाहण्यासारखें नाहीं म्हणून आम्ही मोकळे!

आमच्या तक्रारीचें मर्म येथें आहे. पाहणें ही निव्वळ करमणूक नव्हे. तें एक प्रकारचें राखणें आहे. ज्याला पाहणारा नाहीं, त्याला राखणारा नाहीं. जुनापाणीच्या माळावर सुमारें तीनशें शिलावर्तुळें मोजलीं गेलीं. रिव्हेट-कार्नक यांनीं १८७९ सालीं त्यांविषयीं लिहिलें. १९६१-६२ सालीं पुरातत्त्व खात्यानें तेथें उत्खनन केलें. लोहयुगांतील माणसांनीं आपल्या मृतांभोंवतीं मांडलेल्या त्या शिळा आहेत. त्यांस भिंत नाहीं, कळस नाहीं, पुजारी नाहीं. अशा शिळांचें संरक्षण करतो तो केवळ त्यांचा अर्थ जाणणारा माणूस. तो नसेल तर नांगरास व रस्त्यास शिळा ही नुसता धोंडा आहे. उद्यां एकादें वर्तुळ नाहींसें झालें तर तक्रार कोण करील? ज्यानें तें कधीं पाहिलेंच नाहीं, तो कसा करील?

सरकारी अगर कंपनीच्या प्रयत्नांनीं हें काम होईल, अशी आशा आम्ही फारशी धरीत नाहीं. सावनेरची खाण प्रवाशांस दाखविण्याचा उपक्रम गेल्या दशकांत वेस्टर्न कोलफील्ड्सनें हातीं घेतला, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु खाण पाहण्याची इच्छाच ज्या घरांत नाहीं, त्या घरास दार उघडून काय उपयोग? इच्छा घरांत उत्पन्न झाली पाहिजे; आणि ती उत्पन्न करणें हें आईबापांचें काम आहे.

यासाठीं नवें शास्त्र शोधावयास नको. तें विदर्भांत सातशें वर्षांपूर्वीं होतें. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं राहिले, तीं तीं स्थळें महानुभाव पंथाच्या मंडळींनीं हिंडून पाहिलीं आणि ‘स्थानपोथी’ नांवाचा ग्रंथ केला. देऊळ कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, जवळ काय आहे, हें त्यांत काटेकोरपणें सांगितलें आहे. त्यांत अलंकार नाहींत, वाहवा नाहीं. श्रद्धेनें व नेमकेपणानें केलेली पाहणी आहे. या पाहणींत आमच्या हजार छायाचित्रांपेक्षां अधिक दर्शन भरलेलें आहे. ज्या गांवांतून आपल्या प्रिय व्यक्तीचीं पावलें गेलीं, तें गांव त्यांना लहान वाटलें नाहीं. आमच्या ताटांतलें अन्न, नळांतलें पाणी व दिव्यांतला उजेड ज्या गांवांतून येतो, तीं गांवें आम्हांस कां लहान वाटावींत?

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक कुटुंबानें महिन्यांतून एक रविवार आपल्या दहा कोसांच्या आंतील एका ठिकाणास द्यावा. तेथें घाई करूं नये. गांवच्या माणसांशीं बोलावें. आणि घरीं आल्यावर मुलांनीं एका वहींत लिहावें कीं, गांव कोठें आहे, नदी कोणती, दगड कसला, लोक काय करतात, त्यांना काय सोसावें लागतें. दहा वर्षांत त्या घराची स्वतःची स्थानपोथी तयार होईल. मग खुशाल स्कॉटलंडास जावें. सिल्लेवाडा पाहिलेला मुलगा सिकर पॉइंटचा खडक पाहील तेव्हां त्याच्याकडे पाठ करून उभा राहणार नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या घरून आम्ही निघालों तेव्हां दिवेलागण झाली होती. गृहिणीबाईंनीं बटण दाबलें आणि खोली उजळली. त्यांच्या धाकट्या मुलानें आमचें बोलणें ऐकलें असावें. त्यानें विचारलें, ‘‘काका, हा उजेड खरोखरच खापरखेड्याहून येतो कां?’’ आम्ही म्हणालों, ‘‘चल, येत्या रविवारीं पाहून येऊं.’’ तो लगेच तयार झाला. आईबाप अजून तयार नाहींत. पण त्यांना आणण्याचें काम आतां त्यानें पत्करलें आहे.