आसवनीतील वाफेचे वाटप : सरासरीत लपणारा तोटा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले आणि राज्यातील अनेक साखर कारखान्यांनी आसवनींची क्षमता वाढवली. रोज किती लिटर इथेनॉल तयार होते, याची चर्चा सर्वत्र होते. एका लिटरमागे किती वाफ खर्च होते, हा प्रश्न मात्र सभासदांच्या सभेत क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेला पाहिजे, कारण ही वाफ बगॅस जाळून तयार होते आणि वाचलेल्या बगॅसची वीज करून विकता येते.

आंबवलेल्या मळीच्या द्रावणात अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ८ ते १२ टक्के असते. ते ऊर्ध्वपातन स्तंभात वेगळे होते. स्तंभात एकावर एक ट्रे बसवलेले असतात. द्रव वरून खाली येताना प्रत्येक ट्रेवरून आडवा वाहतो, तर वाफ छिद्रांतून वर चढते. दोहोंचा संपर्क जितका एकसारखा, तितके अल्कोहोल चांगले सुटते. आदर्श संपर्काच्या तुलनेत ट्रेवर प्रत्यक्षात किती काम झाले, हे मोजण्याची रीत मर्फ्री यांनी १९२५ मध्ये मांडली. तिलाच ट्रेची कार्यक्षमता म्हणतात.

अडचण येते ती वाफ एकसारखी न चढल्याने. ट्रे किंचित कलला, तर सखल बाजूस द्रव खोल साचतो. वाफ कमी अडथळ्याची बाजू निवडते. त्या उथळ बाजूस तिचा वेग वाढून द्रवाचे थेंब वरच्या ट्रेवर उडतात. खोल बाजूस ती क्षीण पडते आणि द्रव छिद्रांतून तसाच खाली गळतो. मळीतील कॅल्शियमच्या क्षारांची पुटे छिद्रांवर बसली, तरी हेच घडते. एका बाजूच्या जादा वाफेने दुसऱ्या बाजूची उणीव भरून निघत नाही.

ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास हे नवे नाही. मोटारीचा एकूण प्रवाह बरोबर असतो, पण ड्रिपर तुंबले वा उपनळीतील दाब विषम झाला, की काही झाडे तुडुंब भिजतात आणि काही सुकतात. सरासरी पाणी पुरेसे असूनही पीक फसते.

आसवनीत मात्र हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. चालक वाफ वाढवतो आणि अल्कोहोलची तीव्रता राखतो. मालाची प्रत कायम राहते, म्हणून सारे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात बगॅस अधिक जळतो, काही वेळा स्पेंट वॉशबरोबर अल्कोहोलही निघून जाते. वाढवलेल्या वाफेने उथळ बाजूचे थेंब आणखी उडतात. म्हणजे उपायच रोगास बळ देतो.

‘मालाची प्रत बरोबर आहे, मग स्तंभ उघडायचा कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. स्तंभ बंद ठेवण्यास खर्च येतो, हे खरेच. परंतु गाळप हंगामानंतर देखभालीसाठी अवधी मिळतो. त्या वेळी ट्रेची समपातळी पाणसळीने तपासणे, पुटे काढणे, झिजलेली वा निसटलेली झडपे बदलणे आणि तळाशी वाफ सोडणाऱ्या नळीची छिद्रे मोकळी करणे, ही कामे नव्या स्तंभाच्या तुलनेत अल्प खर्चाची आहेत. नवी क्षमता उभारण्यापूर्वी असलेली क्षमता पूर्ण वापरली जाते का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी सभासद मेळाव्यांत दोन आकड्यांची मागणी रुजवावी : प्रति लिटर इथेनॉलमागे लागलेली वाफ आणि स्पेंट वॉशमध्ये गेलेले अल्कोहोल. हे आकडे दर महिन्याला नोंदले गेले आणि वार्षिक अहवालात छापले गेले, तर बिघाड वेळीच लक्षात येईल. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या ऊस उत्पादकाने आपल्याच कारखान्यातील वाफेचाही हिशेब मागणे, हा त्याचा हक्क आहे.