समुद्राचा ‘एबीजी’ही अचूक हवा

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या धमनीतील रक्ताची ‘एबीजी’ तपासणी होते. यंत्र रक्ताचा सामू (पीएच) आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब मोजते. बायकार्बोनेटचा आकडा त्यावरून हिशेबाने निघतो. समुद्राच्या पाण्याची तपासणीही याच तत्त्वावर चालते. सामू, कार्बन डायऑक्साइडचा दाब, विरघळलेला एकूण असेंद्रिय कार्बन आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, या चारांपैकी दोन गोष्टी मोजल्या की तापमान व क्षारता धरून उरलेल्या दोन काढता येतात.

प्रश्न आहे तो अचूकतेचा. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक किरकोळ दिसतो, पण हायड्रोजन आयनांचे प्रमाण त्यात पाव हिश्शाहून अधिक वाढते. सध्याची घट वर्षाला सुमारे ०.००२ आहे. साध्या मीटरची चूक ०.०१ असेल, तर पाच वर्षांचा बदल त्या चुकीतच बुडतो. म्हणून संशोधक पाण्यात मेटा-क्रेसॉल पर्पल हे रंगद्रव्य मिसळून, कोणता प्रकाश किती शोषला जातो यावरून सामू ठरवतात. नमुन्यातील जिवाणूंच्या श्वसनाने आकडे बदलू नयेत म्हणून त्यात मर्क्युरिक क्लोराइड घालतात.

ही केवळ प्रयोगशाळेतील काटेकोरी नव्हे. २००७च्या सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन किनाऱ्यावरच्या कालवांच्या बीजकेंद्रात पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर होता. पाण्याचे कार्बन-रसायन मोजल्यावर खरे कारण कळले. मग पाण्यात सोडा मिसळून उत्पादन सावरले.

हॉस्पिटलची प्रयोगशाळा रोज ‘कंट्रोल’ नमुना चालवते, तसाच प्रमाणित समुद्रजलाचा नमुना इथेही लागतो. जगभरातील प्रयोगशाळा त्यासाठी दीर्घकाळ मुख्यतः कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या एकाच प्रयोगशाळेवर विसंबून राहिल्या. २०२०च्या महासाथीत हा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक आहे ते दिसले.

कोकण-गोव्यातील तिसऱ्या आणि कालवांचे कवचही कॅल्शियम कार्बोनेटचेच असते. त्यामुळे किनारपट्टीवर मोजणी वाढवताना नुसती यंत्रे घेऊन भागणार नाही. प्रशिक्षित माणसे, प्रमाणित नमुने आणि त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे चालणाऱ्या नोंदी यांसाठी नियमित तरतूद हवी. चुकीच्या रिपोर्टवर रुग्णाचा उपचार होत नाही. समुद्राचाही होणार नाही.