‘सहमत आहे’ दाबण्याआधी दाभोळ आठवा

बकरी ईदला गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी असरनंतर दाभोळच्या जेटीवर बसलो असताना माझा चुलतभाऊ शेजारी येऊन बसला. नुकताच बारावी झालेला. म्हणाला, "भाई, मी डेटा सायन्सचा कोर्स घेतला. ऑनलाइन, सहा महिन्यांचा."

मला आनंद झाला. मी स्वतः पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. गावातलं आणखी एक पोर या वाटेला लागतंय म्हटल्यावर बरं वाटणारच. फी किती, विचारलं.

"साठ हजार. पण एकदम नाही भरायचे. महिन्याला पाच हजार, बारा महिने. झिरो पर्सेंट आहे, व्याज बिलकुल नाही. आणि शंभर टक्के जॉब गॅरंटी."

हप्ते कोण भरणार? तर चाचा. कर्ज चाचांच्याच नावावर होतं. संस्थेच्या माणसाने फोनवरून सांगितलं तसं पोराने सगळं भरलं, चाचांनी ओटीपी सांगितला आणि पाच मिनिटांत काम झालं. माझ्या चाचांनी आयुष्यात व्याजाने पैसा घेतलेला नाही. टेम्पो घेतला तोसुद्धा सहा वर्षं पैसे साठवून. ‘व्याज नाही’ हे दोन शब्द ऐकले म्हणूनच त्यांनी ओटीपी दिला होता.

मी म्हटलं, करार दाखव. त्याने ईमेल उघडून दिला. इंग्रजीत, तेवीस पानं. दोघांपैकी कोणीच तो उघडला नव्हता.

जेटीवर बसून आम्ही तो वाचला. ‘जॉब गॅरंटी’ हा शब्द तेवीस पानांत कुठेच नव्हता. होतं ते ‘नोकरी शोधण्यास साहाय्य’, आणि तेही ऐंशी टक्के हजेरी, सर्व चाचण्या उत्तीर्ण वगैरे अटींवर. सात दिवसांनंतर फी परत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम असं की, विद्यार्थ्याने कोर्स अर्धवट सोडला, किंवा संस्थेने तो नीट चालवला नाही, तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतील. संस्थेशी असलेला वाद हा संस्थेशी, कर्ज देणाऱ्या कंपनीशी त्याचा संबंध नाही.

थोडक्यात, कोर्स घ्या अथवा घेऊ नका, पैसे द्या.

हे वाचून झालं आणि समोर नजर गेली. समोर वाशिष्ठीची खाडी. पलीकडे गुहागर तालुका, वेलदूर, अंजनवेल. तिथेच तो वीज प्रकल्प आहे, ज्याने आमच्या गावाचं नाव जगभर नेलं. प्रकल्प आमच्या गावात नाहीच, तालुकासुद्धा वेगळा. पण कंपनीचं नाव ‘दाभोळ पॉवर कंपनी’, म्हणून बदनामी मात्र आमच्या वाट्याला. जगात अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या किती तरी मुलांना ‘दाभोळ’ म्हणजे फसलेला करार एवढंच माहीत असतं.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेले नसाल, म्हणून थोडक्यात सांगतो. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीची माणसं महाराष्ट्रात आली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. दरम्यान हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून जागतिक बँकेने पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये सरकार बदललं, प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला. आणि मग १९९६ मध्ये तोच प्रकल्प २,०१५ ऐवजी २,१८४ मेगावॉटचा होऊन परत आला.

पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, तो बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर झाली.

का बंद पडला? यंत्रं वाईट होती म्हणून नाही. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी उभ्या केलेल्या ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या कंपनीने हाच प्रकल्प ताब्यात घेतला आणि त्यातून वीज निघाली. महाराष्ट्राला वीज नको होती असंही नाही, टंचाई खरीच होती. वाईट होता तो करार.

तुमच्या घरच्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ नावाची एक ओळ असते. महिनाभर घराला कुलूप असलं तरी ती रक्कम येते. एन्रॉनच्या करारात अशीच एक ओळ होती, फक्त अवाढव्य. प्रकल्प वीज द्यायला तयार आहे एवढ्यावरच वीज मंडळाने क्षमता आकार भरायचा, वीज घेतली काय नि न घेतली काय. वर रक्कम डॉलरशी जोडलेली, म्हणजे रुपया घसरला की तोटा मंडळाचा. इंधन महागलं की तोही भार मंडळावर. आणि मंडळाने पैसे बुडवले तर राज्य सरकारची हमी, त्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. मंडळ जितकी कमी वीज घेई, तितका तो स्थिर खर्च कमी युनिटांवर वाटला जाई आणि दर आणखी भडके. जे काही चुकेल त्याचा भुर्दंड एकाच बाजूला.

घ्या अथवा घेऊ नका, पैसे द्या. खाडीपलीकडचा हजारो कोटींचा करार आणि माझ्या हातातला साठ हजारांचा, दोन्हींचा कणा हाच होता.

म्हणून मला वाटतं, तंत्रज्ञानाबद्दल आपण घालत असलेला वाद चुकीच्या जागी चाललाय. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच पक्ष असतात. एक म्हणतो मोबाइलने पोरं बिघडली. दुसरा म्हणतो कोडिंग शिका, एआय शिका, नाहीतर कौम मागे राहील. मी दुसऱ्या पक्षातला आहे, पण त्यालाही माझं सांगणं आहे. यंत्र चांगलं की वाईट, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, गोष्ट बिघडली तर नुकसान कोणाचं? हे ज्या ओळीत लिहिलंय ती ओळ शोधा.

कोणी म्हणेल, तेवीस पानं कोण वाचतं? खरं आहे, मीही सगळी वाचत नाही. पण चार गोष्टी शोधायला दहा मिनिटं पुरतात. एकूण किती रुपये जाणार? मध्येच सोडलं तर काय? समोरच्याने शब्द पाळला नाही तर काय? आणि तोंडी जे आश्वासन मिळालं, ते कागदावर आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही जेटीवरच काढलं. त्याच कोर्सची फी एकरकमी भरली तर ५२,००० होती. हप्त्याने ६०,०००. मग वरचे आठ हजार कसले? मी मोबाइलवर स्प्रेडशीट उघडली आणि त्याला ‘रेट’ हे सूत्र शिकवलं. बारा हप्ते, प्रत्येकी पाच हजार, मूळ रक्कम ५२,०००. उत्तर आलं, वर्षाला सुमारे २७ टक्के. पोरगा गप्प झाला. त्याला दिसलं की ‘झिरो पर्सेंट’वाल्या कर्जाचं व्याज किमतीत दडवलेलं होतं. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. डेटा सायन्सचा त्याचा पहिला धडा असा फुकटात झाला.

एन्रॉनच्या वेळीही हेच काम कोणीतरी केलं होतं. करार गुप्त ठेवला गेला होता. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये त्याचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण लोकांसमोर मांडलं. मोर्चे निघत होते, वेलदूरच्या कोळी बायका पोलिसांच्या लाठ्या खात होत्या, त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण आकडे मांडून ‘हे परवडणार नाही’ हे दाखवणारी माणसंही तितकीच लागतात. कॉम्प्युटर शिकणं म्हणजे हिंजवडीतली नोकरी एवढंच आपण धरून बसलोय. नोकरी हवीच, मीही तीच करतो. पण आपल्या तालुक्याचं बजेट, आपल्या जमातीचा हिशेब, आपल्या नावाने आलेली आणि न वापरता परत गेलेली शिष्यवृत्ती, हे वाचून मांडू शकणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी हवी.

कायद्याची बाजूही समजून घ्या, कारण इथे काही गोष्टी आपल्या बाजूने आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना एकूण खर्च आणि वार्षिक दर सांगणारं एक विवरणपत्र द्यायचं असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. मराठीत मागा. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्यासाठी सुरुवातीची थोडी मुदत मिळते, ती करारात लिहिलेली असते. कर्जाच्या ॲपने तुमची फोनबुक, फोटो, कॉलची यादी उघडणं हे नियमात बसत नाही. मागितली, तर तिथेच थांबा. फसलात तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की, तुमची संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीत आणि उर्दूतही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीच्या कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम मात्र आणखी आवळलं, आणि तो बदल लगेच लागू झाला. माझा आक्षेप इथे आहे. कंपन्यांना आपल्याला विचारायला दीड वर्ष, आणि आपण सरकारला विचारायचं ते मात्र आजपासून कमी. १९९३ मध्ये माहितीचा अधिकार नव्हता म्हणून तो करार झाकला गेला. २००५ मध्ये मिळालेला तो अधिकार आपण असा झिजू देता कामा नये.

आणि एक घरची गोष्ट. कुराणातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. सूरह बकराची २८२ वी. व्यवहार लहान असो की मोठा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं ती सांगते. त्यात एक बारकावा आहे. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, आणि त्याला जमत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. ॲपमध्ये नेमकं उलटं घडतं. देणारा तेवीस पानं लिहितो आणि घेणारा न वाचता अंगठा टेकवतो. आखातात जाणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी अरबीतल्या करारांवर अशाच सह्या केल्या आणि तिथे उतरल्यावर पगार वेगळाच निघाला. अंगठ्याचा ठसा गेला, टचस्क्रीन आली. सवय तीच राहिली.

चाचांचं काय झालं? तो पाचवा दिवस होता. सात दिवसांत फी परत, या कलमावर बोट ठेवून आम्ही त्याच रात्री ईमेल केला. चार फोन, दोन ‘सर, ऑफर संपेल’ आणि एक धमकी, एवढं झाल्यावर कर्जाचं खातं बंद झालं. येणं-देणं काही नाही असं पत्र मागून घेतलं. नोंदणीचे दोन हजार गेले ते गेलेच. चाचा म्हणाले, "दोन हजारात अक्कल आली, स्वस्त पडली." पोरगा आता जुना लॅपटॉप घेऊन आयआयटीच्या प्राध्यापकांचा एनपीटीईएलवरचा पायथॉनचा कोर्स करतोय. शिकायला फुकट, परीक्षा द्यायची तर तेवढी फी. नोकरी लागेल की नाही, मी सांगू शकत नाही. ज्याने गॅरंटी दिली होती, त्यालाही सांगता येत नव्हतं.

आमच्या जमातीच्या ऑफिसात आता आम्ही एक गोष्ट सुरू केली आहे. रविवारी जोहरनंतर तासभर कोणीही यावं, फोनमधला करार आणावा. कर्ज असो, कोर्स असो, नोकरीचा बाँड असो, परदेशचा व्हिसा असो. आम्ही दोघे-तिघे तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवतो. सल्ला देत नाही, फक्त वाचतो. गेल्या महिन्यात दोघांनी वाचून झाल्यावर बेत बदलला, एकाने सही केली. त्याला अटी समजल्या होत्या आणि पटल्याही होत्या. तेही ठीकच.

तुमच्या मोहल्ल्यात हे करायला पैसे लागत नाहीत. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येणारे दोघे लागतात आणि एक तास. येत्या रविवारी सुरू करा.