मेंदू पॅटर्नमध्ये बसत नाही

लातूरच्या उद्योग भवन परिसरात संध्याकाळी एक चक्कर मारा. क्लासेसच्या पाट्या, मेस, होस्टेलं, आणि प्रत्येक फलकावर मार्कांसकट हसणारे गुणवंत. मराठवाड्यातली हुशार पोरं इथे येतात आणि बायॉलॉजीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ करतात. याला कुणी उगाच नावं ठेवली की मला राग येतो. शाहू आणि दयानंदसारख्या कॉलेजांनी बोर्डाच्या यादीत पुण्या-मुंबईला घाम फोडला, तो मेहनतीच्या जोरावर. लातूर पॅटर्न हा चेष्टेचा विषय नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. याच पोरांपैकी एखाद्याने "मला मेंदूचा अभ्यास करायचाय" म्हटलं, की घरचे, क्लासवाले आणि शेजारचे काका एका सुरात सांगतात, "मग एमबीबीएस कर. पुढे न्यूरोलॉजी आहेच की!"

नाही हो! न्यूरोलॉजी म्हणजे न्यूरोसायन्स नव्हे. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर उठवणारा माणूस लागतोच, त्याला सलाम. पण प्रोसेसर आतून कसा चालतो हे शोधणारा माणूस वेगळा आणि त्याचं शिक्षणही वेगळं. फिट आलेल्या पेशंटला डॉक्टर बरं करतो. पण मेंदूत आठवण तयार होते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न घेऊन ओपीडीत कुणी येत नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. अकरावीच्या फॉर्मवरच आपण विचारतो, पीसीबी का पीसीएम? डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला? नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे, गणिताचे शून्य. हिशेब चोख! फक्त मेंदूला हा हिशेब मान्य नाही. स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूतून विद्युतसंदेश कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये चक्क डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये मांडलं. १९६३ चं नोबेल त्यालाच मिळालं.

आता बघा. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत बीएस्सीला न्यूरोसायन्स हा स्वतंत्र विषयच नाही. पण २००६ पासून पुण्यात आयसर आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस करायचा, आणि तिथे मेंदूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न : फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, गणित, प्रत्येकी १५. गणित सोडलेल्या पोराला परीक्षेला बसता येतं, पण ते १५ प्रश्न कोण सोडवणार? सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित अठराव्या वर्षी असं आडवं येतं.

त्यात २०२२ मध्ये एनसीईआरटीने ओझं कमी करायच्या नावाखाली अकरावीच्या बायॉलॉजीतून रिफ्लेक्स अॅक्शन आणि डोळा-कानाचा भाग गाळला. डोळा! मांजराचा मेंदू डोळ्यातून आलेलं चित्र कसं वाचतो, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी १९५९ मध्ये दाखवलं. त्यावरून स्फूर्ती घेऊन फुकुशिमा यांनी १९८० मध्ये चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क बांधलं. तुमच्या फोनला तुमचं थोबाड ओळखता येतं, त्याची मुळं तिथे आहेत. २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळवणाऱ्या हिंटन यांची पहिली पदवी कसली, तर प्रायोगिक मानसशास्त्राची. आम्हा कोड पाडणाऱ्यांची झोप उडवणारी विद्या मेंदूच्या अभ्यासातून आलीय, मंडळी.

"ते ठीक, पण पोटापाण्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. या वाटेवर पुढे पीएचडी आहे, आणि स्थिर पगार यायला तिशी उजाडते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरी वाट तरी कुठे सुरक्षित आहे? २०२४ मध्ये नीटला २४ लाखांवर अर्ज आले, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच जास्त. बाकीच्यांनी काय करायचं? रिपीट, आणि परत रिपीट! बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी वर्षाला ८०,००० रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. टॉपरांच्या गावात तिचा फलक किती ठिकाणी दिसतो?

मुंबईच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य यांनी एमबीबीएस केलं नाही. झेवियर्समधून बीएस्सी, मग येलला पीएचडी. लहान वयातल्या ताणाने मेंदूतली भावनांची सर्किटं कशी बदलतात, हा त्यांच्या कामाचा विषय. सोळा वर्षांच्या पोरांना दोन वर्षं ताणात शिजवणाऱ्या गावाला तरी या प्रश्नाचं कुतूहल हवं की नको?

क्रांती वगैरे मागत नाहीये मी. बायोवाल्या पोरांचं गणित सोडवू नका, क्लासमध्ये आयसरच्या परीक्षेची चार पानं वाटा, आणि तिथे निवड झालेल्या पोरीचा फोटोही त्याच फलकावर, तेवढ्याच मापाचा लावा. पॅटर्न तुमचाच आहे. एक खण वाढवायला काय जातंय?