फिटची तपासणी हवी, ‘नाटका’चा शिक्का नको

आपल्या वस्तीत एखाद्या बाईला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला फिट आली की गर्दी जमायला वेळ लागत नाही. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो. मग घरात तीन तट पडतात. एक म्हणतो, मिरगी आहे, गोळ्या चालू करा. दुसरा म्हणतो, बाहेरचे आहे, भगताकडे न्या. तिसरा हळूच म्हणतो, नाटक करतेय, नांदायचे नाही म्हणून! या तिघांच्या पलीकडे एक चौथी शक्यता असते आणि वैद्यकशास्त्राला ती चांगली माहीत आहे. आपल्या घराघरांत मात्र ती पोहोचलेली नाही.

अपस्मारात मेंदूच्या पेशींमध्ये अचानक विजेचा कल्लोळ उठतो आणि झटका येतो. काही माणसांना हुबेहूब तसाच झटका येतो, पण तेव्हा मेंदूत तो कल्लोळ नसतो. मनावरचा असह्य ताण, जुना धसका, कधी मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा घाव अशा रीतीने शरीरातून बाहेर पडतो. (काहींच्या बाबतीत असे कारण सापडतही नाही, ते उकरून काढण्याचा हट्ट धरू नये.) डॉक्टर यांना मनोजन्य झटके म्हणतात. पुरुषांनाही ते येतात, पण रुग्णांपैकी साधारण तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात. हे झटके इच्छेने आणले जात नाहीत आणि इच्छेने थांबतही नाहीत, हे आम्ही ठासून सांगू इच्छितो.

पूर्वी याच दुखण्याला हिस्टेरिया म्हणत. हा शब्द गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. बाईच्या मनावरच्या ओझ्याचे खापर तिच्याच गर्भाशयावर फोडण्याची ही युरोपची जुनी तऱ्हा आपणही इमानेइतबारे उचलली!

मग ओळखायचे कसे? मनोजन्य झटक्यात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, अपस्मारात ते बहुधा उघडे असतात. मान एकसारखी या बाजूने त्या बाजूला हलणे, हातपाय एका लयीत न झटकणे, झटका मध्येच ओसरून पुन्हा चढणे, दोन मिनिटांपेक्षा बराच लांबणे, त्यात रडू येणे ही मनोजन्य झटक्याची लक्षणे. जीभ कडेला खोल चावली गेली असेल तर संशय अपस्माराकडे जातो. पण एका खुणेवरून निकाल लावता येत नाही. लघवी होणे, पडून लागणे दोन्हींत घडते. साधा ईईजी निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही, असेही ठरत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे व्हिडिओ ईईजी. रुग्णाला दाखल करून मेंदूचा आलेख आणि चित्रण एकाच वेळी घ्यायचे आणि झटका येईल तेव्हा दोन्ही ताडून पाहायचे.

ही तपासणी वेळेत होत नाही, खरे दुखणे इथे आहे. जर्मनीतल्या २००२ च्या एका अभ्यासात पहिल्या झटक्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी सात वर्षे गेल्याचे दिसले. जर्मनीसारख्या देशाची ही कथा, मग तालुक्याच्या गावातल्या मजुराच्या लेकीने किती वर्षे धरायची? तोवर ती अपस्माराच्या गोळ्या गिळत राहते. त्यांतल्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गरोदरपणी पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. झटका थांबत नाही म्हणून अतिदक्षता विभागात नेऊन घशात नळी घातल्याचीही उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

दुसरीकडे, ‘मिरगी नाही’ असे कळले की काही डॉक्टरांचाही तोल सुटतो. नाकाशी अमोनियाचा बोळा धरणे, छातीचे हाड बोटांच्या पेरांनी रगडणे आणि हे सारे ‘नाटक पकडायला’! भगताच्या कांद्यात आणि या बोळ्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. निदान भगतासाठी तरी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर सरकारला जाग आली आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे यांस सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. दवाखान्यातल्या अपमानाला कलम कोणते?

निदान नीट समजावून सांगणे हाच उपचाराचा आरंभ. तुमचा झटका खरा आहे, तो असा असा येतो, यावर मार्ग आहे, एवढे ऐकूनही काहींचे झटके कमी होतात. पुढे मानसोपचार लागतो. तो जादूची कांडी नाही. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस झटक्यांच्या संख्येत म्हणावा तसा फरक पडला नाही, परंतु रुग्णांचे रोजचे जगणे सुधारले. कामावर जाणे, घराबाहेर पडणे ही काय लहान गोष्ट आहे?

तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत गरिबाला व्हिडिओ ईईजी मोफत आणि लवकर मिळाला पाहिजे आणि मेंदूविकाराचा डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांनी तो रुग्ण मिळून पाहिला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. समाजबांधवांनीही एक करावे. झटका आला की रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, आणि एकाने मोबाईलवर चित्रण करावे. ते डॉक्टरांना दाखवा. व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, ती कुणाची तरी लेक आहे. झटका पाच मिनिटांपुढे गेला तर थेट दवाखाना गाठा. आणि निदान बदलले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. काही रुग्णांना दोन्ही प्रकारचे झटके येतात आणि अशांच्या गोळ्या एकदम तोडल्या तर अपस्माराचा झटका जिवावर बेतू शकतो.