समाजमंदिराची चावी

मुरूड तालुक्यातल्या आमच्या गावातून दारूचं दुकान पायी दहा मिनिटांवर आहे. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला पोचायला माझ्या दादाला दोन एसट्या बदलून तीन तास लागायचे. मीटिंग संपेपर्यंत परतीची शेवटची गाडी गेलेली असायची, मग तो स्टँडच्या बाकावर रात्र काढायचा. पहाटेच्या गाडीने उतरला की नाक्यावरची माणसं म्हणायची, "आला बघा, रात्रभर पिऊन."

त्या माणसांची मला चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून दादा सुटला होता. सुटला म्हणजे शरीरातली दारू गेली होती, एवढंच. हे काम डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पण खरी लढाई घरी परतल्यावर सुरू होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे एएमध्ये, नव्या माणसाला सांगतात की नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर. मुंबईत हे जमतं. एए तिथे १९५७पासून आहे. आमच्या किनाऱ्यावर दादाला महिन्याला दोन जमल्या. पाच महिने टिकला आणि नारळी पुनवेला घसरला. होडीला नारळ वाहून आल्यावर चार मित्रांनी ग्लास पुढे केला. "एवढ्यानं काय होतंय?"

तो पुन्हा थांबला तेव्हा मी गावकीकडे गेले. गावात आणखी दोघं सोडायला तयार होते. मागणी एवढीच होती: समाजमंदिर, आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास. कारभाऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "ताई, पटतंय आम्हाला. पण गावाची बदनामी होईल. बेवड्यांचा अड्डा झाला म्हणतील."

याच समाजमंदिराच्या अंगणात लग्नसराईत हळदीच्या रात्री बाटल्यांच्या पेट्या उतरतात. चौदा-पंधरा वर्षांची पोरं तिथे पहिला घोट घेतात आणि त्यांचे काका हसत बघतात. त्याने गावाची बदनामी होत नाही. तीन माणसं सतरंजीवर बसून आज प्यायलो नाही असं एकमेकांना सांगतील, त्याने होते. हा निव्वळ खोटेपणा आहे, आणि त्याची किंमत आमच्या घरांनी मोजली आहे.

मीटिंगला लागतं काय? पैसा नाही, एए बाहेरची देणगी घेतच नाही. डॉक्टर नाही, भाषण नाही, नाव-आडनाव नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. १९३५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा पाच महिने सोबर असलेला माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. पलीकडे बार होता. तो फोनकडे वळला आणि आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधू लागला. त्याला डॉ. बॉब भेटले. त्या दोघांपासून एए उभी राहिली. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी मदत दिली. तिथेही उपचार संपल्यावर माणसाला पाठपुराव्याने धरून ठेवावं लागतं.

आणि हे आपल्याला नवं कुठे आहे? आपल्या गावांत माळ घालून दारू सोडलेली माणसं आहेत. त्यांना नुसत्या तुळशीच्या मण्यांनी नाही धरून ठेवलं. दर एकादशीचं भजन, दिंडी, शेजारी बसलेला माळकरी, यांनी धरून ठेवलं. भजनी मंडळाने जागा मागितली तर आपण कारण विचारत नाही.

उलट एसटी स्टँडच्या भिंतींवर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'च्या जाहिराती आपण खपवून घेतो. पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. नवऱ्याच्या आमटीत पुडी कालवणारी बाई मला ठाऊक आहे. तिला दुसरी वाट कोणी दाखवलीच नव्हती.

सरकारचं म्हणाल तर जून २०२५मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवताना वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असं सांगितलं गेलं. एम्सच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. कर गावागावातून जमतो, तर मदतही गावागावात पोचली पाहिजे. ती पोचेपर्यंत मात्र मी थांबणार नाही.

सध्या दादा आणि आणखी एक जण आमच्या पडवीत बसतात. दोघं जमले तरी मीटिंग होते. तिसरा येत नाही. आमच्या दारात शिरताना सगळी आळी बघते, त्याची त्याला लाज वाटते. परवा त्याची बायको विहिरीवर मला म्हणाली, "देवळाजवळ असती ना जागा, तर आले असते हे."

बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ समाजमंदिर रिकामं असतं. कारभारी, चावी द्या. झाडून, कुलूप लावून आम्ही ती तुमच्या घरी आणून देऊ.